लेबल यंत्र लावते, कर्म कोणाचे?

सॉफ्टवेअरच्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पात तक्रारींचा ओघ थांबत नाही. कुणाचा डेटा गेलेला असतो, कुणाचे लॉगिन होत नाही, कुणाला नुसती नवी सोय हवी असते. एकेक इश्यू, म्हणजे नोंदवलेली तक्रार, वाचायचा, त्याला ‘बग’, ‘डुप्लिकेट’, ‘तातडीचे’ असे लेबल लावायचे आणि बोर्डावरच्या योग्य रकान्यात टाकायचा, हे काम पूर्वी माणूस करायचा. आता बऱ्याच ठिकाणी ते बॉट करतो. हा प्रश्न सोयीचा म्हणून मांडला जातो, पण माझ्या मते तो आधी कर्माचा आहे. लेबल लावणे ही कृती आहे. त्यावरून कोणाचे ऐकायचे आणि कोणाला थांबवायचे हे ठरते. ती कृती ज्याला इच्छाही नाही आणि पश्चात्तापही नाही अशा यंत्राने केली, तर तिचा दोष कोणाच्या माथी?

वर्गवारीच नको, असे म्हणण्यात अर्थ नाही. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. एवढ्या मोठ्या संचाच्या कंट्रोल रूममध्ये वाफेचा दाब, टर्बाइनच्या बेअरिंगचे कंपन, कोळशाच्या मिलचे तापमान अशा असंख्य गोष्टींवर यंत्राचीच नजर असते. मर्यादा ओलांडली की अलार्म वाजतो, आणि कोणता अलार्म किती गंभीर हे आधीच ठरवून ठेवावे लागते. हे ठरवणे फसले की काय होते, ते २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात दिसले. स्फोटाच्या आधीच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. तिथल्या यंत्रणेत २,०४० अलार्म होते आणि त्यांतल्या ८७ टक्क्यांना ‘अति महत्त्वाचे’ हेच लेबल होते. सगळेच महत्त्वाचे ठरल्यावर महत्त्वाचे काहीच उरले नाही. अलार्मची यंत्रणा नेमून दिलेले काम करत होती. चुकला होता तो लेबले ठरवताना केलेला विचार, आणि तो माणसांनी कितीतरी आधी करून ठेवलेला होता.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी नावाचा हा प्रश्न फार बारकाईने तपासला आहे. भिक्खू नागसेनाने राजा मिलिंदाला रथाचा दाखला दिला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि हे सगळे वगळून वेगळा असा रथही नाही. ‘रथ’ हे व्यवहारासाठी दिलेले नाव. नाव लागतेच, पण ते वस्तूच्या गाभ्याचा पुरावा ठरत नाही. कोराडीच्या जगदंबेविषयी भाविकांची श्रद्धा आहे की देवीची एकच मूर्ती सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि रात्री प्रौढा दिसते. दर्शन घेताना वेळही ध्यानात घ्यावी लागते, हे त्या श्रद्धेत गृहीतच आहे. बोर्डावरच्या लेबलात नेमके हेच नसते. तक्रार आली त्या क्षणी बॉटने शब्द जुळवून ‘किरकोळ’ म्हटले की ते चिकटून राहते. महिन्याभराने तोच दोष शंभर जणांना छळू लागला तरी लेबल बदलत नाही, आणि ‘किरकोळ’ रकाना कोणी उघडत नाही.

आता मूळ प्रश्न. बुद्धाच्या शिकवणीत कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू. यंत्राला चेतना नाही, म्हणून त्याला कर्मही नाही. मग नियम लिहिणाऱ्याकडे बोट वळते, पण तोही म्हणेल की कोणाची तक्रार दडपण्याचा माझा हेतू नव्हता. बौद्ध कसोटीवर हा बचाव बऱ्याच अंशी टिकतो, हे मान्य करायला हवे. मला इथे जैन विचार अधिक उपयोगी वाटतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येच्या मुळाशी प्रमाद आहे, म्हणजे गाफीलपणा. कुंदकुंदाचार्य याच्याही पुढे जातात. जमीन निरखून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव मेला तरी त्याला हिंसेचा बंध नाही, आणि न बघता चालणाऱ्याला, जीव मरो वा जगो, हिंसा लागतेच. ही कसोटी लेबलांना लावली की बॉटच्या बाजूने नेहमी केला जाणारा युक्तिवाद ढासळतो. “आमचा बॉट बहुतेक वेळा बरोबरच लेबल लावतो” हे उत्तरच होत नाही. लेबल बरोबर निघाले की चूक, एवढ्यावर दोष ठरत नाही. नियम लिहून झाल्यावर त्याच्या परिणामाकडे कोणी बघत होते का, यावर ठरतो.

न बघता लावलेले लेबल किती लांबवर जाते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रातले पारधी त्या शिक्क्याखाली आले. त्या कायद्याखालच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येक माणसाचा कोणी अधिकारी द्वेष करत होता असे नाही. यादीच ते काम करत होती आणि अधिकारी फक्त हजेरी घेत होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात ही तक्रार अजून संपलेली नाही. सॉफ्टवेअरमधला बग आणि माणसाचे आयुष्य यांची बरोबरी मी करत नाही. पण चिठ्ठ्या लावायची जी पद्धत आज बोर्डावर आहे, तीच कर्जाच्या अर्जांना, रुग्णांच्या रांगेला आणि सरकारी गाऱ्हाण्यांना लागते आहे, म्हणून ती जिथे जन्मते तिथेच तिचा विचार व्हायला हवा.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप म्हणजे माणूस काही यंत्रापेक्षा न्यायी नसतो. थकलेला माणूस शेवटच्या वीस तक्रारी न वाचताच बाजूला सारतो, ओळखीच्या माणसाची आधी घेतो, मोडक्या इंग्रजीत लिहिलेली मागे टाकतो. हे खरे आहे, आणि पहिल्या वर्गवारीसाठी बॉट अवश्य वापरावा असेच मीही म्हणतो. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने रणांगणावर हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावला. हुद्दा न बघणे बॉटला सहज जमते. जखम मात्र त्याला शब्दांवरूनच ओळखावी लागते, आणि ज्याला नीट शब्द सापडत नाहीत त्याची जखम त्याला छोटी दिसते.

म्हणून मला सीमारेषा लेबल लावणे आणि दार बंद करणे यांच्यात दिसते. कुबरनेटीस या सॉफ्टवेअर प्रकल्पात ९० दिवस हालचाल नसलेल्या इश्यूला बॉट ‘स्टेल’ म्हणतो, आणखी ३० दिवसांनी ‘रॉटन’ आणि त्यानंतरच्या ३० दिवसांनी तो बंद करतो. बंद करताना पुन्हा उघडायची आज्ञाही सांगतो. हा नियम दुष्टपणाचा नाही. मोजक्या लोकांनी हजारो तक्रारी सांभाळायच्या तर काही सोडावेच लागते. पण पाच महिने कोणी बोलले नाही याचे कारण दोष मिटला असेही असू शकते आणि सांगणारा थकला असेही. बॉटला दोन्ही मौने सारखीच दिसतात. मग जागे राहण्याचा भार तक्रारदारावर पडतो, आणि जैन कसोटीने तो नियम लिहिणाऱ्यावर असायला हवा. त्याने बॉटने बंद केलेल्यांतले काही इश्यू ठरावीक दिवशी स्वतः उघडून वाचावेत, चुकीचा बंद झालेला सापडला तर नियम बदलावा, आणि बॉटच्या प्रत्येक लेबलाखाली तो नियम सांभाळणाऱ्या माणसाचे नाव असावे.