पदवी, पगार आणि खेळाचं वय

२०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६ सेकंद. चौथ्याची २२.४७. हा चौथा म्हणजे कोल्हापूरचा वीरधवल खाडे. सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला, २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ जिंकून भारतीय जलतरणाचा चोवीस वर्षांचा दुष्काळ संपवणारा. त्या कामगिरीनं त्याला तहसीलदाराची खुर्ची मिळवून दिली. मग मालवणची कचेरी, महसुलाची कामं, आणि ऐन उमेदीची काही वर्षं पाण्याबाहेर. हुकलेल्या शतांश सेकंदाचं खापर नोकरीवर फोडणं सोपं आहे. पण ती नोकरी नसती तर सत्ताविशीच्या उंबरठ्यावर पुन्हा तलावात उतरण्याइतकं स्वास्थ्य त्याला लाभलं असतं का, हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूपुढचा पेच सरळ दोन टोकांचा आहे: शिक्षण पुरं करायचं की लवकर बाहेर पडून व्यावसायिक लीगशी करार करायचा. विद्यापीठासाठी खेळताना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावण्याची मुभाही तिथं २०२१पर्यंत नव्हती. २०२५पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, त्यामुळे वर्ग सोडून पळण्याची घाई निदान काहींची तरी कमी होईल.

कोल्हापुरात या पेचाला तिसरं टोक आहे, आणि तेच सगळ्यांत जड. नोकरी. इथल्या घरात ‘पोरगा खेळातून लागला’ असं म्हणतात तेव्हा तो लीगमध्ये लागला असा अर्थ कुणी काढत नाही. तो पोलिसात, रेल्वेत, लष्करात किंवा महसुलात लागलेला असतो. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मात्र पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता त्यातून सुटत नाही. पदक दार उघडतं, पण आत शिपायाची खुर्ची की साहेबाची, हे ठरवताना गुणपत्रिका काढावीच लागते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला हे कुणी समजावून सांगत नाही. त्याला ‘आधी मैदान मार, बाकीचं बघू’ एवढंच ऐकू येतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेची वाट यापेक्षा वेगळी वाटते, पण नीट पाहिलं तर तीही नोकरीतूनच गेली. वडील शिक्षक. २००९मध्ये तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१५मध्ये, विशीत, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. पहिली स्वतःची रायफल त्यानं घेतली ती या पगाराच्या जोरावर. नेमबाजी हा महागडा खेळ. प्रत्येक गोळी फुटते ती पैशाची. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्यानं ब्राँझ मिळवलं, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. म्हणजे लवकर धरलेल्या नोकरीनं त्याचा खेळ खाल्ला नाही, पोसला.

मग एकाला नोकरी फळली आणि दुसऱ्याला तिनं पाण्याबाहेर का ठेवलं? दोघांच्या जिद्दीत फरक शोधण्यात अर्थ नाही. फरक खेळाच्या वयात आहे. कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनची विश्वविजेती झाली आणि पहिलं ऑलिम्पिक खेळली टोकियोत, चाळिशीत. राही सरनोबतला उपजिल्हाधिकारीपद मिळालं २०१४मध्ये, आणि आशियाई सुवर्ण त्यानंतर चार वर्षांनी. नेमबाजाला वेळ असतो. नोकरी, पदवी, सराव हे सगळं थोडं मागंपुढं करता येतं. स्प्रिंट पोहणाऱ्याची तीन-चार वर्षं गेली की ती गेलीच.

कबड्डी तर त्याहून निर्दय. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईवर २०१९मध्ये तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांची बोली लावली. आडवाटेच्या गावातल्या पोराला एका हंगामासाठी एवढे पैसे मिळतात हे बघून किती मुलांनी पुस्तकं बाजूला सारली असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पुढे खांद्याच्या दुखापतीनं त्याचा एक हंगाम जवळजवळ वायाच गेला. तो सावरला, २०२३मध्ये हरियाणा स्टीलर्सनं त्याच्यासाठी पुन्हा १ कोटी मोजले. प्रत्येकाचा खांदा असा साथ देत नाही. आणि लिलावात नाव न पुकारलेल्यांच्या घरी कॅमेरे जात नाहीत.

तालमीतल्या पैलवानांचं गणित तर जुनंच. गंगावेशीत किंवा मोतीबागेत राहणारा पोरगा पहाटे जोर-बैठका मारतो, खुराकासाठी घरून दूध, तूप, बदाम मागवतो आणि नाव मात्र कुठल्यातरी कॉलेजच्या बी.ए.च्या हजेरीपटावर असतं. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायच्या तर प्रवेश हवा, वय पंचविशीच्या आत हवं. म्हणून तो शिकण्यासाठी खेळत नाही, खेळण्यासाठी शिकतो. यात लबाडी शोधण्याचं कारण नाही. व्यवस्थेनंच ही वाट आखून दिली आहे. फक्त तिसऱ्या वर्षापर्यंत एटीकेटीचे विषय साठतात आणि मग पदवी राहून जाते ती कायमची.

कॉलेजनं खेळाडूसाठी काय करावं याचा एक नमुना या शहरापाशी आहे, आणि तो सत्तर वर्षांपेक्षा जुना आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली ती १९५५ साली. पदकानंतर तीन वर्षांनी! आज कुठल्या प्राचार्यांनी घर गहाण टाकावं असं कुणी म्हणणार नाही. पण स्पर्धेच्या आठवड्यात येणारी सत्र परीक्षा नंतर घेणं हे घर गहाण टाकण्याइतकं अवघड खचितच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं एक फट ठेवली आहे. एक वर्ष पुरं करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा. परत यावं, उरलेलं पुरं करावं. एकोणिसाव्या वर्षी लिलावात उतरणाऱ्या कबड्डीपटूला याहून सोयीचं काय हवं? ‘शिक्षण सोडलं’ या वाक्याची जागा ‘शिक्षण थांबवलं’ घेऊ शकते, आणि आईवडिलांच्या लेखी हा फरक मोठा आहे.

मात्र या श्रेयांकांची मुदत जास्तीत जास्त सात वर्षं. एकोणिसाव्या वर्षी गेलेला सव्विसाव्या वर्षी परतला तर ठीक. स्वप्नीलला रेल्वेत रुजू झाल्यापासून पदकापर्यंत पोहोचायला नऊ वर्षं लागली, आणि त्याचा खेळ अजून संपलेला नाही. मुदत खेळाडूंपुरती वाढवायची तर तशी मागणी कुठल्यातरी विद्यापीठाला आधी करावी लागेल. शिवाजी विद्यापीठानं ती करायला हरकत नसावी.