अख्खी नाव आपली

गेल्या वर्षी धाकट्या मेहुण्याच्या हट्टाखातर आम्ही थायलंडातील माया बेचा पांढऱ्या वाळूचा किनारा पाहावयास गेलो. २००० सालच्या एका चित्रपटाने तो जगात गाजला. परक्यांची गर्दी नको म्हणून मेहुण्याने अख्खी नाव ठरविली होती.

नावाड्याने ती बेटाच्या मागल्या अंगास नेऊन लावली. पुढून नावांना मनाई! तेथून पायी पलीकडे जायचे, आणि पोहायचे तर मुळीच नाही.

"एवढे पैसे मोजले ते कशाला, दाजी?" मेहुणा चिडला.

कारण साधे होते. पूर्वी येथे दिवसाला पाच-पाच हजार माणसे उतरत आणि नांगर प्रवाळावर पडत. २०१८ साली किनारा बंद केला, तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. मधल्या शांततेत काळ्या पंखटोकांचे शार्क उथळ पाण्यात परतले.

वर्गात गलबला झाला की एखादा पोरगा हमखास म्हणतो, "मी एकटाच बोललो, गुरुजी." त्याला मी बाकावर उभा करतो. आणि येथे? माझ्या एकट्याच्या येण्याने काय बिघडणार, असे मनाशी म्हणतच मी आलो होतो! सौंदर्याची ओढ ही सबब मला पुरते, मग त्या पोराला गप्पांची ओढ का पुरू नये?

वाळू मात्र पिठासारखी मऊ होती. परतताना मेहुण्याने विचारले, "पुन्हा येऊ या ना, दाजी?"

मी "हो" म्हणालो.