वकील संघाचे वर्ष आणि पक्षकाराची तारीख

वकील संघाचे वर्ष ठरलेल्या खुणांनी पुढे सरकते. निवडणूक, नव्या कार्यकारिणीचा सत्कार, बदलून आलेल्या न्यायाधीशांचे स्वागत, दिवंगत सदस्यांसाठी शोकसभा, ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन, डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या जयंतीला, म्हणजे ३ डिसेंबरला, वकील दिन. आणि मध्येच केव्हा तरी कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव. वर्षअखेरीस सर्वसाधारण सभेत अहवाल वाचला जातो आणि हिशेब मंजूर होतो. या अहवालात सगळे असतात, पक्षकार मात्र सहसा नसतो.

तो कुठून येतो, हे पाहायला सोनगीर पुरेसे आहे. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात ओळखले जाणारे हे गाव. अशा गावातून जिल्ह्याच्या न्यायालयात कोणती कामे जातात हे सांगायला मोठा अभ्यास लागत नाही: भावाभावांतले वाटप, बांध, वहिवाटीचा रस्ता, न वटलेला धनादेश, पोटगी, आणि महामार्ग दारावरून गेला की अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे. तारखेला जायचे म्हणजे कारागिराचा रोज बुडतो, शेतकऱ्याचे पाणी भरायचे राहते. दुपारी तो वकिलाला विचारतो, ‘‘काय व्हयनं, साहेब?’’ उत्तर ठरलेले असते : पुढची तारीख.

या विलंबाचा सगळा दोष वकिलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, अपुरे कर्मचारी, न बजावलेली समन्से, गैरहजर साक्षीदार ही कारणे त्यांच्या हाती नाहीत. पण मुदतीचे अर्ज आणि बंद पडलेले दिवस त्यांच्या हाती आहेत. म्हणून वकिलांच्या संस्थेकडे काय मागावे, हा प्रश्न उरतोच.

इथे दोन संस्था वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा वकील संघ ही वकिलांनी स्वेच्छेने उभारलेली संघटना. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल ही १९६१च्या अधिवक्ता कायद्याने निर्माण झालेली संस्था. सनद ती देते आणि गैरवर्तनाची चौकशीही तीच करते. या कायद्यानेच वकिलांच्या संस्थेला एका वर्षाचे बंधन घातले आहे. कलम ३६-ब सांगते की, वकिलाविरुद्धच्या तक्रारीवरील कारवाई राज्याच्या शिस्तपालन समितीने एका वर्षात पूर्ण करावी. न झाल्यास ती भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होते. पक्षकाराच्या दाव्याला वर्षांची मोजदाद नाही, पण त्याच्या वकिलाविरुद्धच्या तक्रारीला आहे. व्यवसायाने आपला न्याय आपणच करायचा तर तो लांबवता कामा नये, हे त्यामागचे शहाणपण. सोनगीरच्या किती पक्षकारांना हे कलम ठाऊक असेल?

आता बंद दिवसांविषयी. १७ डिसेंबर २००२ रोजी माजी कॅप्टन हरीश उप्पल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, वकिलांना संपाचा किंवा बहिष्काराचा हक्क नाही, लाक्षणिक संपाचाही नाही. निषेध करायचा तर पत्रके काढा, काळ्या फिती लावा, न्यायालयाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा न्या. वकिली व्यवसायाची प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य पणाला लागले असेल अशा अगदी विरळ प्रसंगी एका दिवसापुरते न्यायालय दुर्लक्ष करील. तरीही अलिप्ततेचे ठराव थांबलेले नाहीत.

प्रत्येक ठरावामागे आडमुठेपणाच असतो असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये राहुरी येथील वकील दांपत्याची हत्या झाली, तेव्हा राज्यभर वकील संतापले आणि संरक्षण कायद्याची मागणी त्यांनी लावून धरली. ती रास्त आहे. भयाखाली असलेला वकील अशिलाचे रक्षण करू शकत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिवक्ता कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा आला. त्यात काम बंद ठेवण्यावर बंदी होती. देशभर विरोध झाल्यावर तो फेरविचारासाठी मागे घेतला गेला. सरकारने वकिलांच्या संस्थांवर पकड बसवू नये, हे मान्य. पण स्वायत्तता हवी असेल तर शिस्तही स्वतःच लावून घ्यावी लागते. दुखणे वकिलाचे आणि बुडालेला रोज पक्षकाराचा, ही वाटणी न्याय्य नाही.

सामूहिक बळ योग्य जागी लावले तर काय साधते, याचा दाखला कोल्हापूरने दिला. सहा जिल्ह्यांतील वकील संघांनी चार दशकांहून अधिक काळ मागणी केली आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन झाले. सावंतवाडीच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा त्यामुळे वाचला. आपले धुळे, जळगाव, नंदुरबार १९८१ साली सुरू झालेल्या औरंगाबाद खंडपीठाच्या कक्षेत येतात. मुंबईपेक्षा ते जवळ खरे, पण सोनगीरच्या माणसाला अपिलासाठी आजही कन्नड घाट चढावा लागतो.

सोहळ्यांपलीकडचे कामही संघाच्या वर्षात असू शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. आयुष्यभर तोंडपाठ असलेली कलमे साठीच्या वकिलालाही नव्याने शिकावी लागली. अशा वेळी बाररूममधली अभ्यासवर्गाची एक दुपार दहा सत्कारांपेक्षा मोलाची ठरते. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचेही तसेच आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. हे घरोघरी पोचवायचे तर प्राधिकरणाला गावागावांत जाणारे वकील लागतील, आणि ते संघच देऊ शकतो.

३१ जुलै १९३७ रोजी बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकर एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दर ३१ जुलैला तिथे आजही लोक जमतात. वकील पक्षकाराच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा लोक त्याला पिढ्यान्‌पिढ्या स्मरतात; समाजाने वकिलाला दिलेला हाच खरा मान.

म्हणून खानदेशातल्या प्रत्येक वकील संघाला एक विनंती आहे. पुढच्या वार्षिक अहवालाला एक पान जोडा. वर्षभरात किती दिवस कामकाज बंद राहिले, कोणत्या कारणाने, त्या दिवशी बोर्डावर किती प्रकरणे होती. किती सदस्यांनी मोफत कामे घेतली. किती गावांत शिबिरे झाली. सदस्यांविषयी आलेल्या तक्रारींची दखल कशी घेतली. हे पान न्यायालयाच्या आवारात, पक्षकारांना वाचता येईल अशा जागी लावा. आकडे चांगले निघाले तर तुमचीच शान वाढेल. वाईट निघाले तर पुढच्या वर्षाचे काम ठरेल.