सोयीचे घर

गेल्या श्रावणात आमच्या मुलाचा अमेरिकेहून फोन आला आणि त्याने मला अगदी साधा प्रश्न विचारला. "आई, तुम्हा दोघांसाठी भाड्याने घर बघतो आहे. तुला घरात काय काय हवे ते एका कागदावर लिहून पाठव." मी बुलढाण्याच्या शाळेत तीस वर्षे मुलांना निबंध लिहायला लावले. 'माझे घर' हा विषय तर दर वर्षी ठरलेला. पण स्वतः कागद घेऊन बसले, आणि तासाभराने पाहते तर त्यावर दोनच शब्द होते : 'खालचा मजला.'

मुलाचे तिकडे स्वतःचे घर असता वेगळ्या भाड्याच्या घराची काय गरज, असे आमच्या शेजारच्या वहिनींना वाटले, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. गरज आहे ती यांच्या गुडघ्यांमुळे. मुलाचे घर न्यू जर्सीत, एडिसन गावी आहे. झोपायच्या खोल्या सगळ्या माडीवर, आंघोळही माडीवर. याआधी आम्ही दोनदा सहा-सहा महिने राहून आलो, तेव्हा हे सकाळी एकदा खाली उतरत ते रात्रीच वर जात. आता कायमचे जायचे ठरते आहे. तेव्हा त्याच्या घराजवळ, पण एका पातळीवरचे घर हवे, हे आमच्याच तोंडून निघाले होते. सूनबाईंनी आम्हांला बाहेर काढले, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

मुलाने दोन घरे निवडून ठेवली होती. पहिले फक्त वयस्कांसाठी असलेल्या वसाहतीतले. इमारतीला लिफ्ट, दारे चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद, न्हाणीघरात भिंतीला धरायच्या दांड्या, आणि पलंगाशेजारी एक दोरी. ती ओढली की कोणीतरी धावत येते. बाजारहाटाला ठरलेल्या दिवशी बस. दुसरे घर ओक ट्री रोडच्या मागच्या गल्लीत, जुन्या दुमजली इमारतीत, 'पहिल्या मजल्यावर'. (तिकडे आपल्या तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. हे ठाऊक नसल्याने यांनी दोन दिवस त्या घराचे नावही काढू दिले नाही.) इथे दारापुढे दोन पायऱ्या, न्हाणीघरात आंघोळीचा टब, त्याची कड गुडघ्याला लागेल इतकी उंच. पण कोपऱ्यापर्यंत चालत गेले की आपल्याकडच्या वाणसामानाची दुकाने, भाजी, मिठाई, चहा. ज्या देशात मोटारीवाचून माणूस पांगळा होतो, तिथे ही गोष्ट लहान नव्हे.

मुलाचे मन पहिल्या घरावर बसले होते. त्याने मला त्याचा कायदाही समजावून सांगितला. घर भाड्याने देताना वा विकताना भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेत १९६८ साली झाला. १९८८ साली तो वाढवून, पदरी लहान मुले आहेत म्हणून कोणा कुटुंबाला घर नाकारता येणार नाही, असे ठरले. त्याला अपवाद ठेवला तो म्हाताऱ्यांच्या वसाहतींचा. ज्या वसाहतीत शेकडा ८० घरांत तरी ५५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे एक माणूस राहते, तिला १९९५ च्या कायद्यान्वये मुलाबाळांना राहायला नाही म्हणता येते. म्हणजे नातू येईल तो पाहुणा म्हणून, नियमात बसतील तितके दिवस. मी एवढेच म्हटले, "अरे, जिथे पोराचे रडणे ऐकू येत नाही, त्या घरात दुपार कशी जायची?"

"आई," तो म्हणाला, "तू पडलीस तर?"

या प्रश्नाने मी गप्प झाले. त्याचे म्हणणे बिनतोड होते म्हणून नव्हे; हे वाक्य माझे होते म्हणून.

सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी हेच शब्द मी सासूबाईंना म्हणाले होते. त्या मेहकरला आमच्या जुन्या घरात एकट्या राहत. म्हाताऱ्यांच्या गैरसोयीचे घर कसे असावे, याचा तो नमुनाच म्हणायचा. रस्त्यापासून ओट्यापर्यंत पाच दगडी पायऱ्या, तिथून आत जायला वीतभर उंचीचा उंबरठा, माजघरातून स्वयंपाकघरात उतरताना पुन्हा एक पायरी, आणि तीही अंधारात. आड परसात, संडास परसाच्या टोकाला. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्या मंडळींना श्रावणातल्या रात्री तिथे कंदील घेऊन पाठवावे. सासूबाई त्याच स्वयंपाकघराच्या पायरीवर पडल्या आणि मनगट मोडून घेतले. आम्ही बुलढाण्याहून धावलो. प्लॅस्टर निघायच्या आत हे ठरून गेले की आता मेहकरचे घर बंद.

त्यांना आम्ही बुलढाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये आणले. घरात एकही पायरी नाही, नळाला पाणी, संडास चार पावलांवर. "किती सोयीचे झाले!" असे जो येई तो म्हणे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, इमारतीला लिफ्ट नव्हती, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. खरे सांगायचे तर माझे गेले होते. पण मी मनात म्हटले, आता यांना खाली जायचे काम तरी काय?

सासूबाई आमच्याकडे तीन वर्षे होत्या. तेवढ्या काळात त्या किती वेळा खाली उतरल्या, ते मी आज बोटांवर मोजू शकते. दोनदा दवाखान्यात, एकदा शेगावच्या दर्शनाला. चौथ्या वेळी आम्ही त्यांना खांद्यावरून नेले. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त रोज संध्याकाळी विचारीत, "तिन्हीसांजा झाल्या का वं?" आमच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसे, दिवस मावळतो कुठे ते दिसत नसे. मी तव्यावरची पोळी उलटता उलटता म्हणे, "झाल्या." मला तो म्हातारपणाचा चाळा वाटे.

मेहकरच्या ओट्यावर त्यांना हे कोणाला विचारावे लागले नसते. गुरे पैनगंगेवरून परतली की तिन्हीसांजा झाल्या. त्या ओट्यावर बसून त्या काही फार मोठे करीत होत्या असे नाही. पण चैत्रात कुरडयांचा चीक शिजला की नाही ते पाहायला आळीतल्या बायका त्यांना बोलावून नेत. कोणाचे मूल दूध ओकते, कोणाच्या लेकीचा दिवस भरत आला, ते आधी त्यांच्या कानावर येई. कंचनीच्या महालाची गोष्ट त्या मुलांना सांगत. मेहकरला तो पडका महाल आहे. त्याच्या माथ्यावरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनीने मजल्यावर मजले चढवले, अशी दंतकथा आहे. एवढा खटाटोप घरात बसून काय दिसावे यासाठी! मी ती गोष्ट निदान वीस वेळा ऐकली, आणि फ्लॅट दाखवताना मात्र त्यांना नळ दाखवला.

'सोय' या शब्दाकडे मी त्या वेळी नीट पाहायला हवे होते. आपल्याकडे म्हण आहे, 'सोय जाणे तो सोयरा.' नात्याची कसोटी रक्तावर न ठेवता, समोरच्याला काय लागते ते ओळखण्यावर ठेवणारी ही म्हण मला फार आवडते, आणि म्हणूनच ती मला टोचते. मी सासूबाईंना सोयीचे घर दिले. पण ती सोय होती कोणाची? त्या पडल्या की रजा काढून, एस.टी. धरून मेहकर गाठायचे, ही आमची गैरसोय होती. रात्री फोन वाजला की आमच्या छातीत धस्स होई. त्यांना दुसऱ्या मजल्यावर ठेवून आम्ही स्वतःची झोप विकत घेतली. प्रेम नव्हते असे मी म्हणणार नाही, प्रेम होतेच. परंतु प्रेमापोटी केलेल्या गोष्टीत आपली सोय इतकी बेमालूम मिसळते की पुढे ती वेगळी काढता येत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग त्यांना मेहकरलाच ठेवायचे होते काय? तसेही मला म्हणवत नाही. जगात दर वर्षी पडून मरणाऱ्यांची संख्या सुमारे ६ लाख ८४ हजार असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा. ती पायरी खरी होती, मोडलेले मनगट खरे होते. शिवाय आईला कळ लागली तर रात्र जागायची कोणी? ज्याने जागायचे, त्याच्या काळजीला काही अधिकारच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माझा मुलगा घराचे भाडे देणार, दवाखान्यात तोच बसणार. त्याने 'तू पडलीस तर' म्हणायचे नाही, तर कोणी म्हणायचे?

आपल्या शास्त्रकारांनी म्हातारपणीच्या घराचा विचार केला नव्हता असे नाही. केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले की वनात जावे, असे मनू सांगतो. बायकोला मुलांवर सोपवावे किंवा बरोबर न्यावे, हेही सांगतो. तिला काय हवे ते विचारावे, असे मात्र सांगत नाही! त्यापेक्षा महाभारतकारांना माणसाची जाण अधिक. युद्ध संपल्यावर धृतराष्ट्र पंधरा वर्षे युधिष्ठिराच्या राज्यात राहिला. खाण्यापिण्यात, मानमरातबात युधिष्ठिराने काही उणे पडू दिले नाही. भीमाची बोलणी तेवढी आडून ऐकू येत. शेवटी म्हाताऱ्याने वनात जायची परवानगी मागितली. तो गेला यात नवल नाही. मला नवल वाटते ते कुंतीचे. राज्य आता तिच्या मुलांचे होते, तिला कोणाची बोलणी ऐकावी लागत नव्हती. मुले रडली, विनवण्या केल्या. तरी ती माघारी फिरली नाही. जाताना पुढे कुंती, तिच्या खांद्यावर गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा, असे वर्णन आहे. राजवाड्यात कुंतीचा खांदा कोणाला लागत नव्हता. वनात तो लागणार होता. आणि मुख्य म्हणजे, जायचे तिचे तिने ठरवले. ते वन पुढे पेटले, त्यात तिघेही गेली, हेही महाभारत लपवीत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत माझी चूक झाली ती फ्लॅट निवडण्यात झाली असे आता मला वाटत नाही. त्याच इमारतीत तळमजल्याचे घर भाड्याने मिळत होते. थोडी तोशीस सोसून ते घेता आले असते. पण तेवढ्यानेही चूक फिटली नसती. मी त्यांना एकदाही विचारले नाही. विचारले असते तर त्या कदाचित 'मेहकर' म्हणाल्या असत्या, आणि आम्हांला नाही म्हणावे लागले असते. ते तोंडावर नाही म्हणणे टाळण्यासाठीच मी विचारले नाही. ज्या माणसाला आपण विचारतो, त्याचा नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते. आणि ज्याला आपण नाही म्हणतो, त्याच्या डोळ्यांकडे पाहावे लागते. तीन वर्षे मी पोळ्या उलटीत राहिले.

माझ्या मुलाने मला कागद दिला होता. तो माझ्याहून शहाणा निघाला, हे मी कबूल करते. तेव्हा मी पुन्हा लिहायला बसले. 'खालचा मजला' याच्याखाली लिहिले, 'कोणाला न विचारता बाहेर पडून परत येता आले पाहिजे.' मग लिहिले, 'खिडकीतून रस्ता दिसावा.' मग बराच वेळ थांबून लिहिले, 'कोणीतरी दारावरून जाताना काही विचारावे.' हे शेवटचे कलम भाड्याच्या करारात कसे बसवायचे, ते मला ठाऊक नाही. मी ते खोडले, आणि पुन्हा लिहिले.

यांना वाचून दाखवले. हे म्हणाले, "टबाचे काय?"

टबाचा प्रश्न मुलानेच सोडवला. अपंगत्व असलेल्या भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने भिंतीला दांड्या वगैरे बसवायच्या म्हटल्या, तर तिकडच्या कायद्याने मालकाला नाही म्हणता येत नाही; घर सोडताना मात्र पूर्वीसारखे करून द्यावे लागते. टबात ठेवायचे, कडेवरून सरकत आत जायचे बाकही मिळते. हे सांगताना त्याचा आवाज खुशीचा नव्हता. दोरी ओढल्यावर धावत येणारे माणूस त्या घरात असणार नव्हते, आणि ते त्याच्या मनातून जात नव्हते. मी म्हटले, "गळ्यात घालायचे बटण मिळते ना, ते मी घालीन. आंघोळीलासुद्धा काढणार नाही." ही माझी बाजूची तडजोड. त्याने ती मान्य केली असे तो म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी त्याने फोन केला तेव्हा इकडे संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडे सकाळचे साडेनऊ. मी नुकताच देवाजवळ दिवा लावला होता. तो ओक ट्री रोडच्या त्या घरापुढे उभा होता आणि फोन फिरवून आम्हांला दाखवीत होता. एक बाई बाबागाडी ढकलीत गेली. समोरच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचीत बसले होते. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिले. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो चालत गेला, माझ्या चालीने, मुद्दाम हळू. चारशे बारा पावले झाली. हिवाळ्यात या वाटेवर बर्फ असेल, हे त्याने दोनदा सांगितले. मग परत येऊन त्याने दार उघडले.

"उंबरठा दाखव," हे म्हणाले.

त्याने फोन खाली नेला. चौकटीखाली धातूची एक पट्टी होती. त्याने शेजारी बोट धरून दाखवले. "पाऊण इंच असेल, बाबा."

"आणि पायऱ्या?"

"दोन. कठडा एकाच बाजूला आहे."

"उतरताना कोणत्या हाताला?"

तो मागे वळून उभा राहिला. फोनमध्ये नुसते आकाश दिसले. "उजव्या."

यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, थोडा वेळ विचार केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "उतरायला चालेल. चढायचे काय, ते विचार त्याला."