वस्तादाच्या कर्माचे फळ

कुस्ती सोडलेला पैलवान वस्ताद होतो तेव्हा त्याच्या कर्माचे स्वरूपच पालटते. तोवर जोर-बैठका त्यानेच मारायच्या, माती त्याच्याच अंगाला लागायची आणि फड जिंकला की फेटाही त्यालाच बांधला जायचा. आता पहाटे हौद्याच्या काठावर बसतो तो, घाम गाळतो पठ्ठा आणि फड मारतो तोही पठ्ठाच. मग या कर्माचे फळ कोणाचे? त्यावर हक्क न सांगता ते कर्म करता येते का? गीतेतला हा प्रश्न तालमीत फार रोकडा होऊन समोर येतो.

या प्रश्नाकडे जाताना माणदेशापासून सुरुवात करू: तिथली, सांगली जिल्ह्यातली आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. व्यायाम हीच उपासना, ही कल्पना या दुष्काळी माणदेशाला त्यामुळे नवी नाही. पण सूर्यनमस्काराचा लाभ घालणाऱ्याच्याच देहात राहतो. वस्तादाची उपासना मात्र दुसऱ्याच्या देहात उतरावी लागते.

सांगली जिल्ह्यातच, शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके मिळवली, १९६४ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये ते खेळले. पुढचे आयुष्य कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पोरे घडवण्यात गेले. त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि कालांतराने तेही वस्ताद झाले. ज्याने फळ कधी चाखलेच नाही त्याने ते सोडण्यात फारशी कसोटी नसते. आंदळकरांसारख्याने ते दुसऱ्याच्या पदरात पडताना पाहणे वेगळे.

टिळकांनी ‘गीतारहस्या’त ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करावे, असे मांडले. वस्ताद या विचाराचे चांगले उदाहरण वाटतो, पण तो पुरता निष्काम असतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मैदानात नाव पुकारतात ते ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ असेच. पठ्ठा चितपट झाला तर मान वस्तादाची खाली जाते. आसक्ती गेलेली नसते, तिने बिऱ्हाड बदललेले असते.

तिचा सर्वांत चिवट अंश म्हणजे राखून ठेवलेला डाव. वस्ताद सगळे शिकवतो, एक डाव स्वतःपाशी ठेवतो, असे गावोगाव सांगतात. तेराव्या शतकात सादीने ‘गुलिस्तान’मध्ये अशीच गोष्ट सांगितली: तीनशे साठ डावांपैकी एक उस्तादाने शिकवला नाही आणि उलटलेल्या शिष्याला त्याच डावाने लोळवले. गोष्ट शहाणपणाची म्हणून सांगितली जाते, आणि उलटणाऱ्या शिष्यापुरती ती खरीही आहे. तरी तिच्यातला गुरू अजून खेळाडूच आहे. शिष्यात त्याला प्रतिस्पर्धी दिसतो. शिष्याकडून हार व्हावी अशी इच्छा धरणारा गुरू आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानला. त्या मापाने राखलेला डाव ही साधनेतली उणीवच ठरते.

तालमीत मारुतीची मूर्ती असते. सेवेत खर्ची पडणाऱ्या बळाचे ते दैवत आहे आणि पठ्ठ्याला ते शोभतेही. वस्तादाचा आदर्श मात्र जांबवानात शोधावा. किष्किंधाकांडात समुद्रापुढे वानरसेना हताश बसलेली असताना तो सांगतो की तरुणपणी आपण त्रिविक्रमाला प्रदक्षिणा घातल्या होत्या, पण आता नव्वद योजनांपलीकडे झेप जाणार नाही. समुद्र शंभर योजनांचा. उरलेल्या दहा योजनांसाठी तो हळहळत बसत नाही. बाजूला गप्प बसलेल्या हनुमानाला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देतो. लंकेपर्यंतचे उड्डाण हनुमानाच्याच नावावर राहिले. जांबवानाची मूर्ती तालमीत कोणी बसवत नाही.

फळ कर्त्याच्या हयातीत येईल याचीही शाश्वती नसते. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार यांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत काका पवार, राहुल आवारे असे मल्ल घडवले. बिराजदार २०११ साली गेले. पुढे राहुलची तयारी काका पवारांनी करून घेतली आणि २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. त्या पदकात बिराजदारांचा वाटा किती, काका पवारांचा किती आणि राहुलचा स्वतःचा किती, हा हिशेब मांडता येत नाही. गीता कर्माचा अधिकार देते आणि फळाचा नाकारते, त्याचे एक कारण हेही असावे: फळ एकट्याचे नसतेच.