तुळशीचा ठसका

बँकॉकच्या गल्लीतलं साधं जेवणघर. दुपारचे बारा वाजून गेलेत, ऑफिसातली माणसं जेवायला उतरली आहेत आणि तुम्हाला जागा मिळाली ती अनोळखी लोकांच्या टेबलाशी. बसा. फोन खिशात राहू दे. ऑर्डर देऊन झाली, आता तुमच्याकडे काही काम नाही, हे आधी अंगात मुरू द्या.

कान मोकळे सोडा. जाळाची घरघर, कढईवर उलथन्याचा खणखणाट, मध्येच पाण्याचा चर्र आवाज. इथे प्रत्येकाची ताटली वेगळी परततात. एकेक म्हणजे दोन-चार मिनिटांचं काम. तुमची पाळी येईल.

मग ठसका येतो. तापल्या तेलात लसूण-मिरची पडली. सगळी खोली एकदम खोकते, तुम्हीही खोका. त्या तिखटामागून येणारा वास सावकाश ओळखा. लवंगेसारखा, जरासा औषधी. ही तुळस. आपल्या वृंदावनातलीच जात. इथे तिला क्रापाव म्हणतात आणि आच बंद करता करता मूठभर पानं खिम्यावर टाकतात. मनात काही आक्रसलं? आक्रसू द्या. त्याची समजूत घालू नका, नुसतं बघत राहा. मिरचीचं असं कधी वाटत नाही. खरी परकी तर ती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली आणि इथे, तेव्हाच्या सयामातही पोचली. तोवर दोन्हीकडे तिखटाला मिरी होती. सवय झाली की परकेपण कुठे जातं, याचा ताटली येईपर्यंत विचार करा.

आली. भात, पाड क्रापाव (तोच तुळस घातलेला खिमा), वर कडा कुरकुरीत झालेलं अंडं. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा. काट्याने ढकलायचं, चमच्याने खायचं. चॉपस्टिक्स नूडल्सपुरत्या. टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरच्यांचं व्हिनेगर आणि फिश सॉस आहे. अजून हात लावू नका. पहिला घास तसाच घ्या. काय कमी आहे, ते जिभेला ठरवू द्या. हवंच असेल तर मिरच्यांचे तुकडे घातलेला फिश सॉस चार थेंब. स्वयंपाक्याला राग येत नाही, शेवटची चव ज्याची त्याने लावायची असाच रिवाज आहे. (शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, नुसत्या भाजीतही फिश सॉस असू शकतो.)

आणि जेवून झालं की रेंगाळू नका. दाराशी माणसं उभी आहेत, त्यांना जागा द्या.