कुंची, परिग्रह आणि स्मृती

घर आवरायला घेतले की बहुतेक वस्तूंचा निकाल भराभर लागतो. रद्दी वजनावर जाते, गंजका स्टोव्ह भंगारवाला नेतो, जुन्या साड्या बोहारणीला देऊन एखादे पातेले घेता येते. मग माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरते आणि हात मंदावतात. डांबरगोळ्यांच्या वासात, जुन्या मलमलीत गुंडाळलेली कुंची निघते. झालरीचा रंग उडालेला, हनुवटीखाली बांधायच्या दोन बंदांपैकी एक तुटलेला. तिच्याखाली चौकट सैल झालेली पाटी, तिसरीचे प्रगतिपुस्तक, चांदीचा एकच वाळा. यांचा उपयोग संपून तीस-चाळीस वर्षे लोटलेली असतात, तरी त्या टाकवत नाहीत. अशा वस्तूंचे काय करावे हा प्रश्न वरवर जागेचा वाटतो. भारतीय विचारपरंपरेत मात्र त्याच्या मुळाशी दोन जुने प्रश्न आहेत: माणूस वस्तूत गुंततो म्हणजे नेमके काय होते, आणि आठवण राहते कुठे?

पहिल्या प्रश्नासाठी 'परिग्रह' हा शब्द आहे. परि म्हणजे सगळीकडून, ग्रह म्हणजे धरणे. जैन धर्मात अपरिग्रह हे पाच महाव्रतांपैकी एक आहे. दिगंबर मुनींजवळ मोरपिसांची पिंछी, कमंडलू आणि शास्त्रग्रंथ एवढेच असते. गृहस्थाला असा त्याग पेलणारा नाही, म्हणून त्याला परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत सांगितले आहे: जमीन, घर, सोने, धान्य, भांडी, कपडे यांची मर्यादा त्याने आपण होऊन ठरवायची आणि पाळायची. पण 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वातींनी परिग्रहाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मोजदाद नाहीच. त्यांच्या मते परिग्रह म्हणजे मूर्च्छा, 'हे माझे' या भावनेची गुंगी. रिकाम्या खोलीत बसून हातून गेलेल्या वाड्यासाठी झुरणारा माणूस या व्याख्येने परिग्रहीच ठरतो. आणि ट्रंक रिकामी करणारा केवळ तेवढ्याने अपरिग्रही होत नाही. आवरण्याच्या उत्साहात ही गोष्ट हमखास नजरेआड होते.

गांधीजींनी १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेली पत्रे पुढे 'मंगल प्रभात' म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांत अपरिग्रहाचा संबंध अस्तेयाशी जोडला आहे: गरज नसताना वस्तू साठवणे ही एक प्रकारची चोरीच. कपाटातल्या दहा कोऱ्या चादरींना हा युक्तिवाद चपखल लागू पडतो. एका बंदाच्या कुंचीला तो तितका लागू पडत नाही, कारण ती ट्रंकेत राहिल्याने कोणी थंडीत कुडकुडत नाही. तिच्यासाठी वेगळा विचार हवा.

तो पतंजलींच्या योगसूत्रांत सापडतो. तिथे अपरिग्रह हा पाचवा यम. व्यासभाष्यात विषयांचे पाच दोष दिले आहेत: मिळवणे, राखणे, झिजणे, गुंतणे आणि हिंसा. दर पावसाळा सरला की ट्रंकेला ऊन दाखवणाऱ्या घराला 'राखणे' हा दोष कसा, हे समजावून सांगावे लागत नाही. खरे नवल पुढे आहे. दुसऱ्या पादाच्या ३९व्या सूत्रानुसार अपरिग्रह स्थिर झाला की साधकाला जन्मांचे ज्ञान होते. आपण कोण होतो, कसे होतो, हे उमगते. आठवणीची वस्तू जपणाऱ्याची समजूत नेमकी उलट असते: वस्तू गेली की आपण कोण होतो तेही पुसले जाईल. सूत्राचा रोख पूर्वजन्मांकडे आहे, पण याच जन्मातल्या बालपणालाही ते लावून पाहण्यासारखे आहे. प्रगतिपुस्तक घट्ट धरून ठेवले की तिसरीचे वर्ष गणितातल्या गुणांपुरते उरते. त्या वर्षीची शाळेची वाट, शेजारी बसणारा मुलगा, सुटलेला ताप यांची नोंद त्या पुस्तकात नसते, आणि जे नोंदलेले नाही ते हळूहळू घडलेच नव्हते असे होऊन जाते.

आठवण कुठे राहते, याचे सर्वांत काटेकोर विवेचन न्यायदर्शनात आहे. नैयायिकांच्या मते स्मृती संस्कारातून उपजते आणि संस्कार हा आत्म्याचा गुण आहे. म्हणजे आठवण कुंचीत नसते. पण संस्कार निजलेला असतो. त्याला जागे करायला काहीतरी लागते, आणि त्याला उद्बोधक म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृती जागवणाऱ्या वीसहून अधिक निमित्तांची यादी आहे: सादृश्य, अभ्यास, वियोग, सुख, दुःख, भय आणि अशी कितीतरी. त्या यादीत 'परिग्रह' हाही शब्द आहे. वस्तूवरून मालक आठवतो, मालकावरून वस्तू, असे भाष्यकार वात्स्यायनांचे स्पष्टीकरण आहे. जो परिग्रह योगशास्त्राला बेडी वाटतो, तोच न्यायशास्त्राला आठवणीची किल्ली वाटतो. दोन्ही म्हणणी खरी आहेत. नावे विसरू लागलेली वृद्ध बाई वाळा हातात दिल्यावर ज्या घरात तो बाळाच्या पायात घातला होता त्या घराबद्दल बोलू लागते, तेव्हा नैयायिकांचे म्हणणे डोळ्यांसमोर उभे राहते. अशा माणसाच्या हातातून वाळा काढून घेणे हा अपरिग्रह नव्हे, तो निव्वळ निर्दयपणा आहे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कुंची बाळाची म्हणून ठेवली जाते, पण बाळाला ती आठवत नसते. संस्कार आईच्या ठायी असतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडताना मालमत्तेची वाटणी करू लागतात आणि मैत्रेयीला सांगतात की पती, पुत्र, धन यांपैकी काहीही त्या-त्या गोष्टीसाठी प्रिय नसते, आत्म्यासाठी प्रिय असते. हा उपदेश घर रिकामे करण्याच्या प्रसंगीच झाला, हे महत्त्वाचे आहे. तिथला आत्मा देहधारी 'मी'पेक्षा कितीतरी व्यापक आहे. पण साध्या अर्थानेही पाहिले, तर कुंचीत आईला बाळाइतकीच त्या वेळची ती स्वतः प्रिय असते. म्हणून आईची ट्रंक मुलांनी तिच्या माघारी उपसू नये.

धर्माचाराने निरोपाच्या रीतीही घालून दिल्या आहेत. बालपणाची सर्वांत जवळची खूण म्हणजे जन्माबरोबर आलेले केस, पण जावळ काढल्यावर ते जपून ठेवत नाहीत. नदीत सोडतात किंवा देवाला वाहतात. पडलेला दुधाचा दात छपरावर टाकतात. काल देवाला वाहिलेले फूल आज निर्माल्य होते. ते पायदळी येऊ देत नाहीत आणि देव्हाऱ्यातही ठेवत नाहीत. गणपतीची उत्तरपूजा याचे सर्वांत स्पष्ट रूप. मूर्तीवर अक्षता वाहतात, हातावर दही ठेवतात, मूर्ती जागची किंचित हलवतात. त्या क्षणी आवाहन केलेला देव गेला असे मानतात, आणि मगच माती पाण्यात जाते. आधी निरोप, नंतर विसर्जन, हा क्रम घरातल्या वस्तूंनाही शोभतो. ट्रंकेतली वस्तू एकदा सगळ्यांसमोर हातात घेऊन तिची हकिकत सांगितली गेली, तर ती टाकताना काही हिसकावल्यासारखे होत नाही.

टाकण्याऐवजी देणे उजवे वाटते, पण त्यालाही कसोटी आहे. कठोपनिषदाची सुरुवात अशाच एका दानाने होते. वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघतो आणि देतो काय, तर शेवटचे गवत खाऊन, शेवटचे पाणी पिऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. त्याचा लहानगा मुलगा नचिकेता ते पाहतो आणि अस्वस्थ होतो. फाटके स्वेटर आणि चाके निखळलेली खेळणी पिशवीत भरून अनाथाश्रमात पोहोचवणाऱ्यांनी ही कथा अवश्य वाचावी. अडगळ दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवल्याने तिचे दान होत नाही.

देण्याजोगे नसले तरी वस्तूचे रूप बदलता येते. पाली विनयपिटकात कौशांबीच्या उदेन राजाची कथा येते. त्याच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे चीवरे, म्हणजे भिक्षूंची वस्त्रे, दिली, तेव्हा राजाला हा संग्रह वाटला आणि त्याने जाब विचारला. आनंदाने सांगितले: चीवरे जीर्ण चीवरांच्या भिक्षूंना वाटू, जीर्ण चीवरांच्या चादरी करू, जुन्या चादरींच्या गादीच्या खोळी, खोळींच्या सतरंज्या, सतरंज्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी; आणि फडकी चिखलात कुटून जमिनीला लिंपू. महाराष्ट्रातल्या घरांत सुती नऊवारीची वाट जवळपास हीच राहिली आहे: साडी, मग दुपटे, मग गोधडी, आणि गोधडी विरली की पोतेरे. त्यात आठवण पुसली जात नाही. ती अंगावर पांघरली जाते, अगदी झिजून जाईपर्यंत. पाटीला नवी चौकट मिळाली की ती पुन्हा अक्षरे गिरवायला चालते. आणि कुंचीला एक नवा बंद शिवला, की घरातल्या पुढच्या बारशाला ती ट्रंकेबाहेर येते.